आधी घर



बँकेत खाते उघडायला आलेल्या माणसाला मी आधी पत्ता विचारतो. फुटपाथवर झोपणारा तिथेच गप्प होतो. अशा माणसाला आपण सांगतो, आधी दारू सोड, काम शोध, मग घराचे बघू. मीही तेच म्हणत असे.

न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेम्बेरिस यांनी हा क्रम उलटा केला : आधी घर, मग उपचार. फिनलंडने २००८ पासून तेच सरकारी धोरण केले. अनेक रात्रनिवाऱ्यांची कायमची घरे झाली. भाडेकरार रहिवाशाच्या नावे, भाड्याला सरकारी भत्ता, मदतीला कार्यकर्ते. वर्षानुवर्षे बेघर असलेल्यांची संख्या तिथे पुष्कळ घटली.

घर हे सुधारल्याचे बक्षीस नव्हे. ती सुधारण्याची पहिली पायरी आहे.