सिग्नलला बंद पडणारी टर्बो आणि वीतभर पाइप

आज कोडिंग नाही, गाडी. म्हणजे डीबगिंगच, फक्त हात काळे होतात.

माझ्याकडे 2011 ची सेकंडहँड टर्बो पेट्रोल सेडान आहे. गेल्या पावसाळ्यात तिनं चाळे सुरू केले. सिग्नलला उभं राहिलं की आरपीएम 800 वरून 500, मग 1000, परत खाली. आख्खी गाडी थरथरायची, कधी सरळ बंद. हायवेला मात्र एकदम शहाणी.

मी दुर्लक्ष केलं. मग एका रात्री नवले पुलाच्या उतारावर क्लच दाबला आणि इंजिन गेलं. शेजारी आई, मागे ट्रक. इंजिन गेलं की स्टिअरिंग दगड होतं. ब्रेकच्या बूस्टरमध्ये साठलेलं व्हॅक्यूम एक-दोन दाबांपुरतंच असतं, म्हणून ब्रेक पंप करायचा नाही, एकदाच दाबून धरायचा. तेवढं माहीत होतं, म्हणून कडेला लागलो.

गॅरेजवाले म्हणाले मिसफायर आहे. प्लग बदलले, चारही कॉइल बदलल्या. फरक शून्य. स्कॅनरवर पी-0171 आला, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. ‘ऑक्सिजन सेन्सर गेलाय’ म्हणाले, तोही बदलला. इथं मला खरंतर थांबवायला हवं होतं. लॉगमध्ये एरर दिसली म्हणून आपण लॉगर बदलतो का? सेन्सर बिचारा खरं तेच सांगत होता.

शेवटी मी साधा ब्लूटूथ ओबीडी डोंगल घेतला आणि फोनवर फ्युएल ट्रिम बघितलं. इंजिनात येणारी हवा एअर-फ्लो सेन्सर मोजतो, आणि ईसीयू त्या हिशोबानं साधारण 14.7 भाग हवेला एक भाग पेट्रोल देतो. मोजणीनंतर कुठून चोरटी हवा घुसली तर पेट्रोल कमी पडतं. ऑक्सिजन सेन्सर ते पकडतो आणि ईसीयू पेट्रोल वाढवतो. किती वाढवलं, तो आकडा म्हणजे ट्रिम. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म, दोन्हींची बेरीज करायची. पाच-सात टक्के इकडेतिकडे चालतं.

माझी बेरीज गरम इंजिनला आयडलवर अधिक 24 होती. 2500 आरपीएमला धरलं तर अधिक 6. केसचा निकाल इथेच लागला. आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, आत जोरदार ओढ असते, त्यामुळे छोटं भोकही मोठा वाटा खातं. आरपीएम वाढला की मोजलेली हवा इतकी येते की चोरटी हवा किरकोळ ठरते. लोड वाढताना ट्रिम उलट वाढलं असतं, तर मी पेट्रोल पंप, फिल्टर किंवा मळलेल्या एअर-फ्लो सेन्सरकडे बघितलं असतं.

टर्बोत गंमत अशी, की भोक कुठे आहे यावर लक्षणं बदलतात. सेन्सर आणि टर्बोच्या मधला पाइप फाटला तर तिथं कायम ओढच असते, हवा आत येते. टर्बो ते थ्रॉटलमधला इंटरकूलरचा पाइप फाटला तर बूस्टमध्ये मोजलेली हवा बाहेर पळते. मग पिकअप मरतो आणि मिश्रणात पेट्रोल जास्त होतं. थ्रॉटलनंतर भोक असेल तर आयडलला हवा आत, बूस्टला बाहेर. माझा आकडा या तिसऱ्या जागेकडे बोट दाखवत होता.

काही जण संशयाच्या जागी कार्ब क्लीनर मारून आरपीएम बदलतो का बघतात. गरम टर्बोजवळ हे करू नका, पेट घेतं. मी दुसऱ्या गॅरेजला स्मोक टेस्ट करून घेतली. इनटेकमध्ये धूर सोडला आणि दोन मिनिटांत मॅनिफोल्डच्या खालून बारीक धार निघाली. पीसीव्हीचा वीतभर प्लास्टिक पाइप, म्हणजे इंजिनच्या पोटातली वाफ परत इनटेकला नेणारा. वर्षानुवर्षं तापून कडक झालेला, कोपऱ्यात तडकलेला. वरून बघितलं तर धडधाकट!

पाइप आणि त्याचा चेक व्हॉल्व्ह मिळून 2,400 रुपये. प्लग, कॉइल आणि सेन्सरला त्याआधी सोळा हजार गेले होते. ईसीयूतलं जुनं लर्निंग पुसलं, दोन दिवस चालवली. आता आयडलला बेरीज अधिक 3 आहे.

जुन्या चारही कॉइल डिकीत आहेत, चालू अवस्थेत. आणि नवले पूल आला की आई अजूनही खिडकीवरचं हँडल धरते.