सहा वर्षांनंतरची मॉन्टेसरी
(शताब्दीनिमित्त उचगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एखादे वाचनालय शंभर वर्षे चालते ते केवळ कपाटांतल्या पुस्तकांच्या बळावर नव्हे. पुस्तक मागणारा माणूस पिढ्यान्‌पिढ्या घडत राहावा लागतो. तो कोणत्या वयात घडतो, असे मला विचारले तर मी सांगेन, सहा ते बारा. म्हणूनच आजच्या प्रसंगी प्राथमिक शाळेतल्या मुलांविषयी आणि त्या वयाच्या मॉन्टेसरी शिक्षणाविषयी बोलावे असे मी ठरवले.

मॉन्टेसरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बालवाडी उभी राहते. लहान खुर्च्या, रंगीत ठोकळे, बडबडगीते. मूल पहिलीत गेले की ते सारे संपले आणि आता खरे शिक्षण सुरू झाले, असा आपला समज असतो. रोममधील सान लोरेन्झो वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी मारिया मॉन्टेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले, ते शाळापूर्व वयाच्या मुलांसाठी, हे खरे. परंतु पुढील दहा वर्षांतच त्यांनी प्राथमिक वयाच्या मुलांसाठी व्याकरण, गणित आणि भूमिती यांची साधने सिद्ध केली. आणि या कार्याचा मोठा विस्तार झाला तो आपल्या देशात. १९३९ साली त्या मद्रासजवळील अड्यार येथे आल्या. महायुद्ध भडकले आणि इटलीच्या नागरिक म्हणून त्यांच्यावर निर्बंध आले. १९४२ ते १९४४ या काळात कोडाईकनालच्या डोंगरावर, पुत्र मारिओ यांच्यासह, त्यांनी निरनिराळ्या वयांच्या मुलांबरोबर काम केले. झाडे, कीटक, दगड, पाणी हेच तिथले साहित्य. सहा वर्षांपुढील मुलाला सुटे विषय न देता आधी सगळे विश्व द्यावे, हा त्यांचा विचार तेथे फुलला.

असे का, हे समजून घ्यावे लागेल. सहा वर्षांच्या आतले मूल 'हे काय?' असे विचारते. सहानंतरचे मूल 'असे का?' म्हणते. पहिले हाताने आणि डोळ्यांनी जग टिपते, दुसरे कल्पनेने न दिसणाऱ्या जगात शिरते. पहिले एकटे रमते, दुसऱ्याला सवंगडी हवे असतात. 'बाई, याने खेळात लबाडी केली' ही तक्रार घेऊन येणारे मूल चहाडखोर नसते, ते न्याय म्हणजे काय हे चाचपून पाहत असते. मूल बदलले, म्हणून पद्धतही बदलते. वर्ग एका वयाचा नसतो. सहा ते नऊ आणि नऊ ते बारा असे गट असतात. पस्तीस मिनिटांच्या तासांऐवजी सुमारे तीन तास सलग काम चालते. शिक्षक चारदोन मुलांना एक पाठ देतो, मग बाजूला होऊन पाहतो आणि टिपून ठेवतो.

या कामाची सुरुवात गोष्टीने होते. विश्व कसे झाले, जीवसृष्टी कशी आली, माणूस कसा आला, लिपी कशी जन्मली, अंक कसे आले, या पाच थोर गोष्टी शिक्षक रंगवून सांगतो. हेतू माहिती देण्याचा नसून प्रश्न पेरण्याचा असतो. उचगावच्या मुलाला विश्वाची गोष्ट मार्कंडेय नदीपासूनही सांगता येईल. हे पाणी घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. पण शेजारच्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला जाते आणि त्याच तालुक्यातली म्हादई गोव्याकडे पश्चिमेला. असे का? या एका प्रश्नात भूगोल, भूगर्भशास्त्र आणि शेती आहे. आपल्या रानात भात, रताळी, बटाटे का पिकतात, याचे उत्तरही त्याच वाटेवर सापडते.

दुसरा भाग साधनांचा. सोनेरी मण्यांचे उदाहरण घ्या. एक मणी म्हणजे एकक, दहा मण्यांची कांडी म्हणजे दशक, दहा कांड्यांचा चौरस म्हणजे शतक आणि दहा चौरसांचा घन म्हणजे हजार. हजार हा आकडा येथे हातात घेऊन तोलता येतो. आपल्या मराठी मुलाला याची गरज अधिक आहे. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी उच्चारतो. एकोणपन्नास म्हणताना तर पन्नास कानावर पडते आणि लिहायचे असते ४९. मूल ५९ लिहिते आणि आपण त्याला मठ्ठ म्हणतो. याच गावातल्या कन्नड मुलाला 'नलवत्तोंबत्तु' म्हणताना चाळीस आणि नऊ सरळ क्रमाने ऐकू येतात. २०१९ साली महाराष्ट्रात दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असे संख्यावाचन आले, तेव्हा केवढा वाद माजला! मण्यांशी खेळलेल्या मुलाला त्या वादाची भीती नाही. चार कांड्या आणि नऊ मणी त्याने हाताळलेले असतात, मग नाव कोणतेही असो.

अशी साधने आपल्याला परवडतील काय, अशी शंका तुमच्या मनात आली असेल. तिचे उत्तर आपल्याच देशात दिले गेले आहे. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातला शिक्षक बालवर्ग नव्हे, चौथीचा वर्ग घेतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. तो गोष्टी सांगतो आणि वर्गातच वाचनालय सुरू करतो. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह वारली मुलांसाठी काम उभारले. महागड्या साधनांच्या जागी खडे, बिया, पाने आणि शिंपले आले. विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आली, कारण धाकट्या भावंडाला कडेवर घेतल्याशिवाय थोरल्या बहिणीला शाळेत येता येत नव्हते. गुरांमागे जाणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात गेली. ती कुरणशाळा. बालकाला अनुसरा, या तत्त्वाचा याहून खरा अर्थ मला माहीत नाही.

श्रोतेहो, आता आपल्या घरचे बोलू. सीमाभागातल्या अनेक मराठी शाळांत पट घटतो आहे. एकाच खोलीत तीन-तीन इयत्ता बसतात. पालक ते पाहतात आणि मूल दूरच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवतात. त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु मिश्र वयाचा वर्ग ही मॉन्टेसरी पद्धतीत उणीव नसून पाया आहे. थोरले धाकट्याला शिकवते आणि शिकवताना स्वतः पक्के होते. अर्थात, साधने आणि पूर्वतयारी नसेल तर तीच खोली गोंगाटाची होते, हेही तितकेच खरे. कर्नाटकात १९९५ साली हेग्गडदेवनकोटे तालुक्यात सुरू झालेल्या 'नलि-कलि' उपक्रमाने बहुवर्ग खोलीत कार्डे आणि गट यांच्या आधारे शिकवता येते हे सरकारी शाळांतून दाखवले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही बालवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी यांचा एकच टप्पा मानला आहे. सहाव्या वर्षी उभी केलेली भिंत आता कागदावर तरी पडली आहे.

राहिला तिसरा भाग, आणि तोच या वाचनालयाला हात जोडून सांगायचा आहे. या वयाच्या मुलाला मॉन्टेसरी वर्गाबाहेर पाठवते. प्रश्न पडला की दोघा-तिघांनी मिळून ठरवायचे, कोणाला भेटायचे, काय पाहायचे, आणि मोठ्यांच्या सोबतीने जाऊन उत्तर आणायचे. शेतकरी, कुंभार, पोस्टमास्तर हे त्यांचे शिक्षक. पण म्हादई पश्चिमेला का जाते, हे विचारत मुले आपल्या दारात आली, तर त्यांना काय मिळेल? कुलूपबंद कपाट, की हाताला येईल अशा उंचीची फळी? 'पुस्तके खराब कराल' हे वाक्य, की भिंतीवरचा नकाशा? मुले मराठीत प्रश्न विचारतात. त्याचे उत्तर मराठीत मिळाले नाही, तर दोष मुलांचा नाही, भाषेचाही नाही. तो आपला आहे.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. आठवड्यातला एक दिवस जवळच्या शाळेच्या मुलांसाठी राखावा, एक कपाट उघडे ठेवावे आणि त्यातली काही पुस्तके फाटतील हे आधीच गृहीत धरावे. फाटलेले पुस्तक चिकटवता येते. विचारणे सोडून दिलेले मूल पुन्हा विचारते करणे फार अवघड असते. दुसऱ्या शतकाचे वाचक आज पहिली-दुसरीत आहेत. त्यांच्यासाठी दार उघडे ठेवा.