वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी



आमच्या बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागात सोयरीक जुळविताना कोणी राज्याची हद्द पाहत नाही. उदगीर-निलंग्याची मुलगी भालकी-औरादला नांदते, आळंदची मुलगी अक्कलकोट-उमरग्याला सासरी जाते. हद्द आठवते ती संसार मोडू लागला म्हणजे.

एके दिवशी शाळा सुटल्यावर माझ्या वर्गातील एका मुलाची आई कागदांची गुंडाळी घेऊन आली. म्हणाली, "बाई, हे एवढं वाचून सांगा. भांडण मिटल्याचा कागद आहे म्हणतात." तिचे शिक्षण महाराष्ट्रात मराठीतून झालेले, कन्नड बोलता येते, वाचता येत नाही. मी वाचू लागले आणि माझाच आवाज अडखळला. तो परस्परसंमतीने घटस्फोट मागणारा अर्ज होता. आम्ही वर्षभर विभक्त राहत आहोत, पत्नी पोटगीचा हक्क सोडीत आहे, मुलाचा ताबा पित्याकडे राहील, अशी त्यातील कलमे. आणि खाली तिची सही! वकील दिराने आणलेला. दोन्ही पक्षांचे काम तोच पाहत होता. पहिल्या तारखेस न्यायाधीशांनी विचारले, तेव्हा शिकविल्याप्रमाणे तिने मान हलविली होती.

मी शिक्षिका आहे, कायदेपंडित नव्हे. तथापि त्या दिवसानंतर जाणकारांना विचारून जे समजून घेतले, ते आज आपल्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट अशी की, संमतीचा घटस्फोट एका दिवसात होत नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्यात संमतीच्या घटस्फोटाचे १३-ब हे कलम १९७६ साली आले. एक वर्ष विभक्त राहिल्यावर दोघांनी मिळून अर्ज करावयाचा, आणि सहा महिन्यांनी पुन्हा न्यायालयापुढे तेच सांगावयाचे. योग्य कारण असल्यास ही सहा महिन्यांची मुदत न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले. परंतु याहून महत्त्वाचा आहे तो १९९१ चा निर्णय. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणासही आपली संमती मागे घेता येते, असे त्यात ठरले. म्हणजे सही झाली तरी सारे संपले, असे नाही. संमती नसेल तेव्हा क्रौर्य, परित्याग, व्यभिचार यांसारखी कारणे पुराव्यानिशी सिद्ध करावी लागतात, आणि ती वाट लांबची असते.

दुसरी गोष्ट, दावा कोठे चालणार? २००३ च्या दुरुस्तीपासून हिंदू पत्नीला आपण राहतो त्या ठिकाणी अर्ज करता येतो. पण नवऱ्याने आधीच सीमेपलीकडे दावा लावला असेल तर? तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हलविण्यासाठी थेट दिल्लीस, सर्वोच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. उदगीर-भालकी हा एका सकाळचा प्रवास. पण दाव्याला तो दिल्लीवरून करावा लागतो! म्हणून नोटीस आली की ती फडताळात न ठेवता त्याच आठवड्यात वकिलाकडे न्यावी.

आता वकिलाविषयी. नात्यातल्या कोणी आणला म्हणून त्यास आपला मानू नये. तो कोणाच्या वतीने उभा राहणार, हे प्रथम विचारावे. दोघांचे हितसंबंध वेगळे असतील तर वकीलही वेगळा हवा. मसुदा आपल्याला समजणाऱ्या भाषेत वाचून घ्यावा आणि त्याची प्रत घरी ठेवावी. फी किती, तीत अर्ज लिहिण्यापासून शेवटच्या तारखेपर्यंत काय काय येते, अपिलाचे वेगळे किती, हे आधी ठरवावे आणि पैशाची पावती घ्यावी. मिळणाऱ्या पोटगीत वाटा मागणे वकिलांच्या व्यावसायिक नियमांना धरून नाही. निकालाची हमी देणाऱ्यापासून दूर राहावे. वकील बदलावयाचा झाल्यास फी थकली म्हणून त्याला आपले कागद अडवून धरता येत नाहीत. हाही सर्वोच्च न्यायालयाचाच निर्णय आहे, २००० सालचा.

ज्यांच्यापाशी पैसा नाही त्यांनीही निराश होऊ नये. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न काहीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळू शकतो. १५१०० हा त्यांचा दूरध्वनी क्रमांक. पोटगीचा अर्ज घटस्फोटाशिवायही करता येतो. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमाखाली येतो. शिवाय २०२० च्या एका निर्णयाने पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही आपली मिळकत शपथपत्रावर मांडणे आवश्यक केले आहे.

आम्हा ख्रिस्ती लोकांचा कायदा निराळा, १८६९ चा. २००१ पर्यंत ख्रिस्ती पत्नीला केवळ क्रौर्य वा परित्याग दाखवून घटस्फोट मिळत नसे. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ती विषमता गेली आणि संमतीची वाटही खुली झाली. तीत विभक्त राहण्याची मुदत दोन वर्षांची लिहिलेली आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाने ती एक वर्षाची मानली आहे. मात्र चर्चच्या न्यायासनाने विवाह रद्दबातल ठरविला तरी सरकारी कायद्यापुढे तो टिकूनच असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केले. चर्चचा कागद हाती आला म्हणून दुसरे लग्न करू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

विवाह हा माझ्या श्रद्धेने पवित्र संस्कार आहे. तो टिकावा यासाठी मी त्या भगिनीसाठी प्रार्थनाही केली. कुटुंब न्यायालयाचा कायदाही न्यायाधीशांना प्रथम समेटाचा प्रयत्न करावयास सांगतो. पण समेट करावयाचा तो डोळे उघडे ठेवून. आणि वेगळे व्हावयाचे, तेही डोळे उघडे ठेवूनच. न वाचता केलेल्या सहीत ना क्षमा असते, ना संमती.

त्या भगिनीने विधी सेवा प्राधिकरणाकडून स्वतःचा वकील घेतला, न्यायाधीशांपुढे संमती मागे घेतली आणि पोटगीसाठी वेगळा अर्ज केला. प्रकरण अद्याप चालू आहे. शेवट काय होईल, मी सांगू शकत नाही. परवा ती शाळेच्या फाटकाशी भेटली. म्हणाली, "बाई, पुढल्या तारखेला माझी जबानी आहे. काय सांगायचं ते मला ठाऊक आहे." आणि कागदांची पिशवी तिने स्वतःच्याच हाती धरली होती.