वॅग्नरच्या वाळूत न झालेलं स्मारक
(युवक अभ्यासवर्गातील भाषण)



आज एका न झालेल्या स्मारकाबद्दल बोलायचंय. गोष्ट अमेरिकेतली आहे, पण परकी नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती तिथल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी पँथर हे नाव उचललं तेही तिथल्या काळ्यांकडून.

तिथल्या यादवी युद्धात मॅसॅच्युसेट्सची ५४ वी रेजिमेंट उभी राहिली. सैनिक काळे, अधिकारी गोरे. कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ, वय २५, बड्या घरचा गोरा पोरगा. १८ जुलै १८६३ च्या संध्याकाळी साऊथ कॅरोलिनात, मॉरिस बेटावरच्या वॅग्नर किल्ल्यावर ही रेजिमेंट चालून गेली. सहाशेपैकी सुमारे २७० मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. तटावर शॉ पडला. विल्यम कार्नी या सार्जंटने गोळ्या खाऊन झेंडा परत आणला. त्याला शौर्यपदक मिळालं १९०० साली. ३७ वर्षांनी!

शत्रूने शॉला त्याच्या काळ्या शिपायांबरोबर एकाच खड्ड्यात पुरलं. हेतू अपमानाचा. काळ्यांसोबत माती मिळणं म्हणजे बाटणं. मेल्यावरही विटाळ मानणारे फक्त आपल्याच गावात नाहीत, हे ध्यानात घ्या. पण बापाने कळवलं, पोराला तिथून हलवू नका, त्याच्या माणसांतच राहू द्या.

आता पगाराचं ऐका. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. काळ्याला १०, त्यातून कपड्यांचे ३ कापायचे. हातात ७. या लोकांनी तो पगार नाकारला. राज्य म्हणालं, वरची रक्कम आम्ही भरतो. तेही नाकारलं. भीक नको, बरोबरी पाहिजे! घरी बायकापोरं उपाशी, तरी सुमारे दीड वर्ष बिनपगारी लढले. १८६४ साली संसदेला कायदा करावा लागला.

याच लोकांनी आणि ब्यूफर्ट भागातल्या नुकत्याच सुटलेल्या गुलामांनी शॉच्या स्मारकासाठी वर्गणी काढली. किल्ल्याजवळच उभारायचं होतं. पण जमीन वाळूची, सरकणारी, आणि आजूबाजूचे गोरे वैरी. स्मारक झालं नाही. तो पैसा चार्ल्सटनमध्ये काळ्या मुलांच्या शाळेला दिला गेला. शाळेला शॉचं नाव दिलं. किल्ल्याची जागा पुढे समुद्राने गिळली.

बोस्टनमध्ये मात्र १८९७ साली ब्राँझचं भव्य शिल्प उभं राहिलं. शॉ घोड्यावर, शिपाई पायी. वॅग्नरला मेलेल्या काळ्या शिपायांची नावं त्यावर नव्हती. ती मागच्या बाजूला कोरली गेली १९८२ साली. ६४ नावं. ८५ वर्षं ही माणसं बिननावाची चालत होती.

शॉ खरा माणूस होता, त्याला कमी लेखायचं कारण नाही. पण मेले सगळे, नाव एकाचं, हा हिशेब कुणी लावला? दगडावर नाव लागतं ते कोरून घेणाऱ्याच्या सोयीने. कोरेगावच्या स्तंभावर २२ महारांची नावं आहेत. म्हणून तर १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे उभे राहिले. नाव हा पुरावा असतो. पण ती नावं कोरणाऱ्या इंग्रजांनीच पुढे महारांची लष्करभरती बंद केली, हेही विसरू नका. नाव कोरलं म्हणजे हक्क मिळाला असं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी वस्तीत पुतळ्याची पावती घेऊन कोणी आलं, तर पैसे जरूर द्या. पण विचारा, शेजारी पोरांना अभ्यासाला खोली आहे का? आणि आपल्या लढ्यांत जे पडले, त्यांच्या नावांची वही कोणाकडे आहे? नसेल तर आज रात्रीच लिहायला घ्या. ८५ वर्षं थांबायची आपली तयारी नाही.

जय भीम.