‘कुशन’ शब्दाची कुळकथा

खुर्चीवर किंवा सोफ्यावर ठेवावयाच्या मऊ उशीला आज मराठी घरांतूनही ‘कुशन’ असेच म्हणतात. हा शब्द इतका अंगवळणी पडला आहे की, त्याचे मूळ शोधू जाणाऱ्याची दृष्टी सहजच घरच्या शब्दांकडे वळावी. ‘कुश’ म्हणजे दर्भ आणि दर्भाचे आसन ते ‘कुशासन’. तेव्हा ‘कुशन’ हे त्याचेच झिजलेले रूप असले पाहिजे, असे अनुमान काढण्याचा मोह कोणालाही पडेल. एखादा उत्साही संशोधक तर कुशाण राजवंशापर्यंतही जाऊन पोहोचेल! परंतु नुसत्या नादसाम्यावर उभारलेली व्युत्पत्ती टिकत नाही. शब्द ज्या वाटेने आला, त्या वाटेने मागे चालत जावे, तेव्हाच त्याचे कूळ सापडते.

इंग्रजीत हा शब्द इ. स. १३०० च्या सुमारास आढळतो. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि पुढील दोन-तीन शतकांत दरबार, न्यायासन, पाकगृह व राहणी यांच्याशी निगडित असे असंख्य फ्रेंच शब्द इंग्रजीत आले. ‘कुशन’ हा त्यांच्याच मेळ्यातला. फ्रेंचच्या मागे लॅटिन उभी आहे. येथे मात्र विद्वानांत दोन मते आहेत. एका मताप्रमाणे त्याचे मूळ ‘कुल्किता’ म्हणजे गादी या शब्दात आहे. तसे असेल तर, इंग्रजीतील ‘क्विल्ट’ म्हणजे रजई ही त्याची सख्खी बहीण ठरते. दुसऱ्या मताप्रमाणे त्याचे मूळ ‘कॉक्सा’ म्हणजे खुबा या शब्दात आहे. खुब्याला जी आधार देते, ती कुशन.

या दुसऱ्या मताला पोषक अशी उदाहरणे आहेत. लॅटिनमध्ये कोपराला ‘क्युबिटुम’ म्हणत आणि कोपराखाली घ्यावयाच्या उशीला ‘क्युबिटाल’. आपली ‘उशी’ तरी काय? संस्कृत ‘उच्छीर्षक’ या शब्दापासून ती आली आणि त्यात ‘शीर्ष’ म्हणजे मस्तक आहे. ज्या अवयवाला विसावा द्यावयाचा, त्याच्याच नावाने वस्तू ओळखली जाते.

याहून मौजेची गोष्ट पुढेच आहे. लॅटिन ‘कॉक्सा’ आणि संस्कृत ‘कक्ष’ ही एकाच प्राचीन शब्दाची दोन रूपे होत. लॅटिन ‘ॲक्सिस’ तो संस्कृत ‘अक्ष’, ‘डेक्स्टर’ तो ‘दक्षिण’. त्याच नियमाने ‘कॉक्सा’ तो ‘कक्ष’. लॅटिन ‘ऑ’च्या जागी संस्कृतात ‘अ’ येणे हेही नेहमीचेच. ‘ऑक्टो’ आणि ‘अष्ट’ ही त्याची साक्ष. अवयव बदलला, पण धड व हातपाय जुळतात त्या सांध्याजवळची जागा हा अर्थाचा गाभा राहिला. या ‘कक्षा’चीच मराठीत ‘काख’ झाली.

अर्थानेही पुढे पुष्कळ प्रवास केला. बिलियर्डच्या टेबलाची चेंडू परतविणारी कड, आघात सौम्य करण्याची क्रिया, अडचणीच्या काळासाठी राखलेली गंगाजळी, या साऱ्यांना इंग्रजीत हाच शब्द लागू झाला. १९५९ साली इंग्लिश खाडी ओलांडणारी होव्हरक्राफ्ट ही नौका तर हवेच्याच कुशनवर तरंगत गेली. मराठीतील ‘गादी’ने निराळी वाट धरली. ती सत्तेकडे गेली आणि साताऱ्याची गादी, कोल्हापूरची गादी असे प्रयोग रूढ झाले. मऊपणातून इंग्रजांना संरक्षण सुचले, मराठी मनाला अधिकार सुचला.

दुसरे मत ग्राह्य धरले तर निष्पन्न होते ते असे, की जो ‘कुश’ इतका जवळचा वाटला तो ‘कुशन’चा कोणीच लागत नाही, आणि जिचा संशयही कोणाला येऊ नये, ती काख मात्र त्याची दूरची आप्त निघते. स्वभाषेचा अभिमान बाळगणाऱ्याने हे नाते नियमांच्या कसोटीवर पारखून घ्यावे. मग परक्या घरातही आपली माणसे भेटतात.