हजेरीपटावरचा स्वयंसेवक



राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आणि राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय या दोन्ही संस्था 1957 सालापासून ज्या नगरीत नांदू लागल्या, त्या नागपुरात अग्निशमनाच्या स्वयंसेवकांपुढे अध्यक्ष म्हणून उभे राहण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल आभार मानण्याचे कर्तव्य मी आरंभीच उरकून घेतो. कारण ज्या विषयावर बोलण्याचे मी योजिले आहे तो रुचकर नाही. आपल्या परिषदांतून स्वयंसेवकाचा गौरव होतो, त्याला शाल-श्रीफळ मिळते, त्याच्या निरपेक्ष सेवेवर वक्ते मनापासून बोलतात. परंतु ज्याची ठरलेली तालीम पुरी झालेली नाही, जो महिनोन्‌महिने कवायतीस फिरकलेला नाही आणि तरीही वर्दी येताच सर्वांच्या आधी धावत येतो, त्या स्वयंसेवकाचे काय करावयाचे, हा प्रश्न मात्र आपण चहाच्या वेळी, तोही इकडेतिकडे पाहून, चर्चितो. तो व्यासपीठावरून एकदा तरी विचारला जावा, अशी माझी इच्छा आहे.

आपली परंपरा लहान नाही. 6 डिसेंबर 1946 रोजी मुंबईत गृहरक्षक दल उभे राहिले, तेव्हा मोरारजी देसाई त्या प्रांताचे गृहमंत्री होते. पुढे चीन आणि पाकिस्तान यांच्याशी झालेल्या युद्धांच्या अनुभवातून 1968 चा नागरी संरक्षण कायदा आला, आणि 2009 च्या दुरुस्तीने आपत्ती-व्यवस्थापनाचे काम त्याच्या कक्षेत घेतले. या कायद्याने बेशिस्तीचा आणि कुचराईचा विचार केलेला नाही असे नाही. नागरी संरक्षण दलाचा सभासद आपले कर्तव्य समाधानकारक रीतीने बजावीत नसेल, तर त्याला दोषारोप कळवून, त्याचे म्हणणे ऐकून घेऊन आणि रीतसर चौकशी करून त्यास बडतर्फ करण्याचा अधिकार नियंत्रकाकडे आहे. तेव्हा हुकूम काढण्यास कायद्याची अडचण नाही. अडचण आहे ती आपल्या भिडेची. भीड ही भिकेची बहीण, असे आपले वाडवडील सांगत आले; अग्निशमनात ती त्याहूनही वाईट नात्याची निघते.

ही भीड कशी काम करते ते पाहा. पथकाचा प्रमुख मनात म्हणतो, हा मनुष्य आपल्याकडून एक पैसा घेत नाही, दिवसभराची नोकरी करून, बायकामुलांची बोलणी खाऊन रविवारी येथे येतो, त्याला जाब कोणत्या तोंडाने विचारावा? हा विचार सज्जनपणाचा आहे, आणि म्हणूनच तो कोणी खोडून काढीत नाही. मग वर्षअखेरीस तपासणीची तारीख जवळ येते, वरिष्ठ कार्यालयाचा तगादा सुरू होतो, आणि दप्तरातील त्या रिकाम्या रकान्यात कोणीतरी, कोणाचेही वाईट चिंतीत नसता, ‘प्रशिक्षण पूर्ण’ असा शेरा लिहून टाकतो. प्रमुखाला हायसे वाटते, स्वयंसेवकाचा मान राहतो, तपासणी अधिकाऱ्याचा दौरा सुखाने पार पडतो. तिघांचेही समाधान करणारी ही एक ओळ माझ्या मते आपल्या सेवेतील सर्वांत धोक्याची वस्तू आहे. अर्धवट शिकलेला मनुष्य, तो अर्धवट शिकलेला आहे हे ठाऊक असेल तोवर, फारसा धोक्याचा नसतो. त्याच्या हाती बादली द्यावी, होज उलगडावयास लावावा, बघ्यांची गर्दी मागे सारावयास सांगावे. परंतु कागदाने ज्याला पात्र ठरविले आहे त्याला रात्री दोन वाजता, धुराने भरलेल्या जिन्यापाशी उभा असलेला अधिकारी, चेहरा न ओळखताही, आत पाठवितो.

आत पाठविणे म्हणजे काय, हे येथे जमलेल्यांना सांगण्याची गरज नाही. तथापि ही भाषणे पुढे छापली जातात आणि आपल्या सेवेबाहेरचे वाचकही ती वाचतात, म्हणून थोडा विस्तार करतो. पाठीवरच्या श्वसनयंत्राचे नळकांडे सामान्यतः 6 लिटरचे असते, त्यात 300 बार दाबाने हवा भरली की ती सुमारे 1800 लिटर होते, आणि मिनिटाला 40 लिटर असा हिशेब धरला तर कागदावर पाऊण तास पुरते. पण हा हिशेब सराव असलेल्या, श्वास आवरता येणाऱ्या माणसाचा आहे. ज्याने मुखवटा चढवून अंधारात कधी रांगून पाहिलेले नाही, त्याचा श्वास भीतीने आणि श्रमाने दुप्पट होतो, आणि पाऊण तासाची हवा वीस-पंचवीस मिनिटांत संपते. त्यातच आत कोणीही एकटा जात नाही, जोडीने जातो. म्हणजे एकाची हवा सरली की दोघांनाही परतावे लागते, आणि परतीची वाट न सापडली तर दोघेही अडकतात. स्वयंसेवकाची उणीव ही त्याची खाजगी बाब नव्हे, ती त्याच्या जोडीदाराच्या आयुष्यातून वजा होत असते.

14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत कापूस आणि स्फोटके एकाच वेळी पोटात बाळगणाऱ्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, अग्निशमन दलाचे 66 जण कामी आले, आणि त्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी 14 ते 20 एप्रिल हा सप्ताह पाळतो. या सप्ताहातील भाषणांत एक युक्तिवाद मी वारंवार ऐकतो: तरबेज माणसेही मेली, तेव्हा प्रशिक्षणाचा एवढा बाऊ कशाला? मला हा युक्तिवाद त्या हुतात्म्यांचा अपमान वाटतो. ज्या कामात शिकलेल्यालाही हमी नाही, त्या कामात न शिकलेल्याला ढकलण्याची मुभा त्यातून निघत नाही.

आता दुसरी बाजू. तालीम अपुरी राहिली की आपण आळसाचा आरोप लगेच करतो, पण किती वेळा तो खरा असतो? गिरणीत, कारखान्यात किंवा रुग्णालयात पाळीने काम करणाऱ्या माणसासाठी वर्ग कामाच्या दिवशी सकाळी ठेवले जातात. रजा काढून तो येतो तेव्हा शिक्षक दुसऱ्या बंदोबस्तावर गेलेला असतो. शिक्षक असतो तेव्हा पंपात डिझेल नसते. स्टिरप पंपासारखे साधे साधन घ्या. एकाने पंप मारावयाचा, दुसऱ्याने नळी धरावयाची, तिसऱ्याने पाणी आणावयाचे, एवढाच तो खेळ. पण तीन माणसे एका वेळी जमली नाहीत तर तो शिकविताच येत नाही, आणि जमलेल्या दोघांच्या नावे मग गैरहजेरी नसतानाही उणीव राहते. म्हणून माझे म्हणणे असे की, स्वयंसेवकाला खुलासा विचारण्यापूर्वी पथकप्रमुखाने स्वतःचा खुलासा लिहावा: वर्ग किती ठेवले, कोणत्या वेळी ठेवले, त्यांतील किती प्रत्यक्ष झाले. हा कागद जोडलेला नसेल तर नोटीस काढूच नये.

या बाबतीत जर्मनीकडे पाहण्यासारखे आहे, कारण तेथील अग्निशमनाचा मुख्य भार स्वयंसेवी दलांवर आहे आणि त्यांची संख्या सुमारे दहा लाखांच्या घरात जाते. तेथे नवागतास प्रथम किमान 70 तासांचे मूलभूत शिक्षण, आणि नंतर दोन वर्षांच्या अवधीत आपल्या दलातच राहून 80 तासांचे पुढचे शिक्षण घ्यावे लागते. म्हणजे मुदत आहे, पण ती माणसाच्या संसाराला आणि नोकरीला झेपेल अशी आहे. श्वसनयंत्र वापरणाऱ्यास दरवर्षी श्रमाच्या कसोटीतून आणि प्रात्यक्षिकातून जावे लागते, शिवाय ठराविक मुदतीने वैद्यकीय तपासणी असते. आणि जो ही वार्षिक कसोटी देत नाही, त्याचे काय? त्याला कोणी दलातून हाकलत नाही, त्याच्या निष्ठेवर व्याख्यान देत नाही. ती पुरी होईपर्यंत त्याने यंत्र पाठीवर घ्यावयाचे नाही, एवढेच. तो बंबावर येतो, पंप चालवितो, नळी ओढतो. या व्यवस्थेत मला जे मोलाचे वाटते ते हे की, शिक्षा आणि मर्यादा यांत तेथे गल्लत केलेली नाही. आपल्याकडे मात्र मनुष्य एकतर पूर्ण सभासद असतो किंवा बडतर्फ. मधली पायरीच नाही, आणि ती नाही म्हणूनच बडतर्फी टाळण्यासाठी खोटा शेरा लिहिला जातो.

फिलाडेल्फियात 1736 साली बेंजामिन फ्रँकलिन आणि त्यांच्या मित्रांनी स्वयंसेवी अग्निशमन मंडळी स्थापिली, तेव्हा मासिक सभेस न येणाऱ्यास लहानसा दंड ठेवला होता, आणि त्या दंडाच्या रकमेतून बंब, शिड्या आणि आकडे विकत घेतले गेले, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. ही तजवीज विनोदी वाटली तरी तिच्यात शहाणपण होते. आज दंडाची शिफारस मात्र मी करणार नाही. ज्याला दंड परवडतो तो गैरहजेरी विकत घेतो.

तालमीची घाई करण्यातही अनर्थ आहे. न्यूयॉर्क राज्यातील लेअर्ड्‌सव्हिल या खेड्यात सप्टेंबर 2001 मध्ये स्वयंसेवी दलाने एका रिकाम्या घरात सरावासाठी आग लावली, आणि प्रत्यक्ष आगीचा कसलाही अनुभव नसलेल्या एकोणीस वर्षांच्या नवागतास अडकलेला माणूस म्हणून आत ठेवले. तो मुलगा मेला, आणि सराव चालविणाऱ्या साहाय्यक प्रमुखास न्यायालयाने निष्काळजीपणे मृत्यूस कारण झाल्याबद्दल दोषी ठरविले. उणीव भरून काढण्याच्या उत्साहात ज्यांना सात दिवसांत सात विषय उरकावयाचे असतात, त्यांनी हा खटला वाचावा.

मग आपण करावे काय? उणीव दिसताच प्रथम त्या मनुष्याशी एकांतात बोलावे, चारचौघांत नव्हे. त्याची अडचण वेळेची आहे, प्रकृतीची आहे, की मन उडाल्याची, हे समजून घ्यावे. वेळेची असेल तर पूरक वर्ग त्याच्या सवडीने ठेवावा, आणि त्यासाठी शिक्षकाला भत्ता मिळावा असा आग्रह धरावा. प्रकृतीची असेल तर नागरी संरक्षणात वॉर्डन, दळणवळण, प्रथमोपचार, कल्याण अशा कितीतरी शाखा आहेत. गुडघे दुखणाऱ्या प्रौढ गृहस्थाला शिडीवर चढविण्यापेक्षा वस्तीतील घरे आणि माणसे जाणणारा वॉर्डन म्हणून त्याचा उपयोग शतपट आहे. मनच उडाले असेल तर सन्मानाने निरोप द्यावा, आणि गणवेश परत घेताना पावती द्यावी. एवढे सारे करूनही जो आगीच्या ठिकाणी मनाई मोडून आत शिरतो, त्याच्या बाबतीत मात्र कायद्यातील चौकशी मांडण्यास कचरू नये, मग तो कितीही शूर असो. शौर्याच्या नावाखाली आज्ञाभंग पोसण्याची आपली खोड जुनी आहे, आणि वृत्तपत्रे तीत भर घालतात.

दुपारच्या सत्रात हजेरीपटाच्या नव्या नमुन्याचा ठराव आपल्यापुढे येणार आहे. मसुद्यात नाव, तारीख आणि ‘उपस्थित’ असे तीन रकाने आहेत. त्यात चौथा रकाना, ‘काय करून दाखविले’, असा घालावा; तो शिक्षकाने स्वतःच्या सहीने भरावा; आणि ज्याचा तो रिकामा असेल त्याला कोणत्या कामावर पाठवू नये हे त्याच पानावर लिहिलेले असावे, अशी दुरुस्ती मला सुचवावयाची आहे. अध्यक्षस्थानावरून दुरुस्ती मांडणे प्रघातास धरून नाही, तेव्हा आपल्यापैकी कोणी सूचक आणि कोणी अनुमोदक व्हावे. नावे जेवणापूर्वी चिटणीसांकडे द्यावीत, म्हणजे कार्यक्रमपत्रिकेत ती घेता येतील.