हक्क मुंबईत राहिला, आजार गावी आला
(मुरगूड, ता. कागल येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



कागल, भुदरगड, आजरा, गडहिंग्लज आणि चंदगड या तालुक्यांतील दोन-तीन पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत राबल्या. जमिनीच्या वाटण्या होऊन वाट्याला तुकडा उरला की घरातला एक मुलगा गिरणगावात जाई, गाववाल्यांच्या खोलीत राही, खानावळीत जेवी आणि दरमहा मनीऑर्डर पाठवी. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्या संपानंतर हजारो कामगारांना पुन्हा कामावर घेतलेच नाही. जे उरले त्यांतील बहुतेकांना पुढील दोन दशकांत स्वेच्छानिवृत्तीच्या नावाखाली घरी बसविण्यात आले. चाळिशी-पंचेचाळिशीतला माणूस ट्रंक घेऊन गावी परतला. त्याच्या मुंबईतील घराचा प्रश्न आज सर्वांच्या तोंडी आहे. त्याच्या औषधाचा प्रश्न मात्र कोणी काढत नाही.

हा कामगार गिरणीत असताना विमेदार होता. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यानुसार त्याच्या पगारातून वर्गणी कापली जाई आणि मालकही आपला हिस्सा भरी. त्या बदल्यात चाळीजवळचा विम्याचा डॉक्टर आणि परळचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय त्याच्या हक्काचे होते. परंतु हा हक्क नोकरीला जखडलेला होता. वर्गणी भरली ती धडधाकट वयात. गरज पडली ती नोकरी गेल्यानंतर. कार्डिंग खात्यात कापसाची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे छातीत गेली, की सुट्टीनंतर कामावर येताच छाती आवळल्यासारखी वाटू लागते आणि पुढे दम कायमचा लागतो. बिसिनोसिस हा व्यवसायजन्य आजार आहे, हे त्याच कायद्याच्या परिशिष्टात नोंदलेले होते. आजाराला कायद्याने मान्यता दिली. आजारी माणूस मात्र कायद्याच्या कक्षेबाहेर गेला.

१९८९ च्या दुरुस्तीने वयोमानानुसार निवृत्त होणाऱ्या विमेदाराला व त्याच्या पत्नीला अल्प वर्गणीवर उपचार मिळण्याची वाट उघडली. नियमाने ही वर्गणी महिना १० रुपये, म्हणजे वर्षाला १२० रुपये ठरली. अट किमान पाच वर्षांच्या विम्याची. स्वेच्छानिवृत्ती घेणारे व मुदतीपूर्वी निवृत्त होणारे यांचा त्यात समावेश व्हायला २०१० साल उजाडले. तोवर गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहू लागले होते. आणि संपात ज्याचे नाव हजेरीपटावरून खोडले गेले, त्याला तर निवृत्त म्हणायलाही कायदा तयार नव्हता. ज्यांना हक्क मिळाला त्यांच्याही तो कितपत उपयोगाचा? विमा योजनेची रुग्णालये आणि दवाखाने कारखान्यांच्या आसपास एकवटलेले. विमेदार वेदगंगेच्या काठी. एसटीचे भाडे, सोबतीचा माणूस आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब केला की १२० रुपयांचा हक्क चैनीचा होतो.

युरोपातही कामगार एका देशात राबतो आणि उतारवयात दुसऱ्या देशात राहतो. तेथे १९७१ च्या नियमावलीने, व पुढे २००४ च्या नियमावलीने, एक तत्त्व प्रस्थापित केले: निवृत्तिवेतन देणारा देश उपचारांचा खर्च उचलील आणि राहत्या देशातील दवाखाना उपचार करील. एस-१ नावाचा एक कागद सीमा ओलांडून हक्क घेऊन जातो. अर्थात ही व्यवस्थाही निर्दोष नाही. सरकारी निवृत्तिवेतनाच्या वयाआधी काम सोडणाऱ्याला हा कागद सहसा मिळत नाही. ब्रिटन अशांना मर्यादित काळापुरता तो देत असे. ती सवलत २०१४ साली बंद झाली. स्पेनने २०१३ साली एक वर्ष वास्तव्य झालेल्यांसाठी मासिक वर्गणीची योजना काढली: पासष्ट वर्षांखालील माणसाला महिना ६० युरो, त्यापुढील वयाला १५७. म्हणजे सुखवस्तू देशांतही मधल्या वयाचा माणूस फटीत सापडतो, कारण तेथेही हक्क माणसाशी जोडण्याऐवजी निवृत्तिवेतनाशी जोडलेला आहे. तरीही तेथे परक्या देशांची सरकारे परस्परांचा हिशेब चुकता करतात. येथे तर कामगाराने देशच काय, राज्यसुद्धा ओलांडलेले नाही.

कोणी म्हणेल, महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. आहे, आणि तिचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. पण ती मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या ठरावीक उपचारांची योजना आहे. दम्याचा फवारा, रक्तदाबाची गोळी, महिन्याच्या महिन्याला लागणारी तपासणी हा दाखल न होणाऱ्या रोग्याचा खर्च तिच्याबाहेर राहतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, हेही खरे. परंतु केसपेपर फुकट आणि औषध बाहेरून, असे जेथे घडते तेथे निःशुल्क या शब्दाला अर्थ उरत नाही. भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतील किमान निवृत्तिवेतन २०१४ साली महिना १,००० रुपये ठरले. एवढ्या पैशात औषध घ्यावे की भाकरी खावी?

मुरगूडपासून कर्नाटकाची हद्द दूर नाही. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने हीच फुले योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच होता. परंतु ज्या शासनाला हक्क राज्याच्या सीमेपलीकडे नेता येतो, त्याला परळचा हक्क कागल तालुक्यापर्यंत आणता येत नाही, हे कोणी मान्य करावे?

म्हणून मागणी दयेची नाही. पाच वर्षे वर्गणी भरलेल्या प्रत्येक गिरणी कामगाराला, मग तो निवृत्त असो, स्वेच्छानिवृत्त असो वा संपात काढलेला, जवळच्या सरकारी रुग्णालयात नियमित औषधे मिळावीत आणि त्यांचा खर्च विमा महामंडळाने भरावा. त्याच्या पत्नीला, आणि तो गेला असेल तर विधवेला, हाच हक्क असावा. फुप्फुसांची क्षमता मोजण्याची सोय तालुक्यात व्हावी, आणि छातीच्या डॉक्टरचा आठवड्यातील एक दिवस ठरलेला असावा.

या मागणीमागे उभे राहायचे तर आधी यादी हवी. विम्याचा क्रमांक, गिरणीचे नाव, खाते, नोकरीची वर्षे आणि आजचा आजार, एवढ्या पाच नोंदी प्रत्येक शाखेने गावोगाव जाऊन कराव्यात. जुनी विमाकार्डे आजही कोणाच्या ट्रंकेत, कोणाच्या देव्हाऱ्यामागे जपलेली सापडतात. ज्यांनी ती जपली त्यांना ठाऊक आहे की हे पैसे त्यांच्या घामाचे होते. ते सरकारलाही मान्य करावयास लावणे, हे काम आहे. माणसे दरवर्षी कमी होत आहेत. कामाला उशीर करण्याची सवड नाही.